हजेरीपटावरचे नाव

नरकचतुर्दशीचा फराळ आटोपला आणि आमच्या घरात दोन तऱ्हेचे आवाज सुरू झाले. बाहेर फटाके, आत माझ्या भाच्याचे सुस्कारे.

भाचा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक वर्ष फुकट गेलेले. दादाने निक्षून सांगितले होते, "भाऊबीजेला आत्याकडे येतो. तोवर तुझे यंत्र चालले नाही, तर मुकाट्याने दुकानात बसायचे." म्हणून पोरगा आपली गाडी पोत्यात घालून आधीच माझ्याकडे आलेला.

गाडी ती काय! चौरंगाएवढी फळी, दोन चाके आणि डोक्यावर गरगर फिरणारा लेझरचा डोळा. ओटीवरून स्वयंपाकघरात आपली आपण जायचे, एवढीच तिची परीक्षा. घराचा नकाशा तिने आदल्या दिवशीच काढून ठेवला होता, माझ्या धान्याच्या पिंपासकट. पण आता जागची हलेना. पडद्यावर एकच तक्रार : 'नकाशा' नावाची चौकट सापडत नाही.

आता मी दहावी शिकलेली बालवाडीची बाई. कादंबऱ्या लिहिते, पण त्यांतली माणसेसुद्धा माझे ऐकत नाहीत, तिथे ही गाडी काय ऐकणार? तरी विचारले, "चौकट म्हणजे काय रे?"

तो सांगू लागला. लेझर म्हणतो, भिंत माझ्यापासून एक मीटरवर. पण लेझर गाडीच्या मध्यापासून वीस सेंटीमीटर पुढे बसवलेला. म्हणजे गाडीच्या लेखी भिंत एक मीटर वीसवर. जो तो आपल्या जागेवरून मोजतो, म्हणून कोण कुणापासून किती दूर याची वंशावळ ठेवावी लागते. सर्वांत वर नकाशा, त्याच्या पोटी चाकांचा हिशेब, त्याच्या पोटी गाडीचे धड आणि धडाच्या पोटी लेझर. गुळगुळीत फरशीवर चाके घसरतात, हिशेब चुकत जातो. ती चूक नकाशा आणि हिशेब यांच्यामधल्या दुव्यात भरून काढायची. हा रिवाज २०१० साली लिहून ठेवलेला आहे म्हणे. मुले कितीही असोत, बाप मात्र एकच.

हा नियम त्यानेच मोडला होता. नकाशा सापडेना म्हणून चिडून त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि धड थेट नकाशाला जोडून दिले. धडाला दोन बाप झाले. पडद्यावरची गाडी क्षणात इथे, क्षणात तिथे उड्या मारू लागली. ते ठिगळ मी आधी काढायला लावले. मग म्हटले, "ती वंशावळ मला कागदावर दाखव. आणि लेझर आपले नाव काय सांगतो, तेही."

दोन कागद समोर आले. वंशावळीत शेवटचे नाव होते 'लेझर फ्रेम'. लेझर पाठवत होता त्या प्रत्येक निरोपावर मात्र नुसते 'लेझर'.

वीस वर्षे हजेरी घेतल्यावर एवढे तर कळतेच. पटावर 'बाळकृष्ण' आणि घरी 'बाळू' असला, की पोरगा पहिल्या बाकावर बसून गैरहजर लागतो.

"अरे, पण तक्रार तर नकाशाची होती!" असे म्हणत तो कपाळावर हात मारून घेत होता. मला त्यातच खरी मौज वाटली. लेझरचे निरोप घेणारे कुणी नाही, म्हणून गाडीला आपण कुठे आहोत ते उमगत नाही. ते उमगत नाही, म्हणून नकाशाचा दुवा तयारच होत नाही. बोंब वरच्या मजल्यावर, गळती तळमजल्यावर. नाव दुरुस्त केले, गाडी कुठे उभी आहे ते पडद्यावर एकदा दाखवून दिले, आणि वंशावळ वरपासून खालपर्यंत जुळली. तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. आम्ही दोघांनी उभ्याउभ्या चकल्या खाल्ल्या.

भाऊबीजेला दादा पाटावर बसला तो घुम्यासारखा. मी निरांजन लावले, तोच गाडी ओटीवरून निघाली. लेझरच्या खालचा पाट तिला दिसत नव्हता. दादा मात्र दिसला. जरा थबकून, माझ्या रांगोळीचा एक कोपरा पुसत, तिने त्याला वळसा घातला आणि ती स्वयंपाकघरात गेली. दादाने पाय पोटाशी घेतले होते.

"ओवाळून घे ना," मी म्हटले, "वात विझेल."

"थांब गं," तो दाराकडे बघत म्हणाला, "आधी परत येते का ते बघू."