निर्यात? आम्ही नाही बुवा!

मित्रांनो, सर्व्हे म्हणजे फुकटचा चहा पीत फॉर्म भरायचे, असा आपला होस्टेलवाल्यांचा समज. सेमिनारसाठी आम्ही चौघं सातपूर-अंबड एमआयडीसीतले छोटे कारखाने फिरलो आणि तो समज पहिल्याच दिवशी उतरला. निम्म्या ठिकाणी वॉचमनच सांगायचा, 'साहेब नाहीत.' हातात कागद दिसला की टॅक्सवाले आले ही धास्ती! आत गेलोच, तर छापील फॉर्मवरचा पहिला प्रश्न, 'तुम्ही निर्यात करता का?' उत्तर ठरलेलं, 'नाही बुवा!'

एका वर्कशॉपमधले काका मात्र गप्पांत रंगले. लेथवर पिना टर्न होत होत्या. सहज विचारलं, "काका, ह्या जातात कुठे?"

"मोठ्या पार्टीकडे, चलनावर. तिथून जर्मनीला जातात म्हणे."

घ्या! माल जर्मनीला आणि फॉर्मवर 'नाही'. बरं, काका खोटं बोलत नव्हते. देशाच्या निर्यातीचे आकडे कस्टम्सकडे भरलेल्या शिपिंग बिलांवरून बनतात. त्यावर नाव असतं आयईसी नंबर असलेल्या निर्यातदाराचं. जॉबवर्क करणारा त्यात कुठेच नाही.

कांद्याचंही तसंच. लासलगावला शेतकरी लिलावात माल विकतो, न्हावाशेव्याला कंटेनर जातो तो व्यापाऱ्याच्या नावाने. कागदोपत्री शेतकरी निर्यातदार नाहीच. पण ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा भाव पडले ते त्याच्याच ट्रॉलीतल्या मालाचे. ही बंदी उठली थेट ४ मे २०२४ ला.

मग सरांशी बोलून आम्ही फॉर्मला तीन प्रश्न जोडले. माल शेवटी कुठे जातो? कोणामार्फत जातो? बाहेरची ऑर्डर थांबली तर किती माणसं घरी बसतील? आणि सुरुवातीलाच सांगायचं, 'नाव लिहिणार नाही.' लोक बोलायला लागले. तिसऱ्या प्रश्नाला तर काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरांनो, हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं."

निर्यातदारांसाठी योजना निघतात, सवलती मिळतात, त्या यादीत नाव असणाऱ्यांना. काकांचं नाव यादीत नाही, पण मंदी आली की फटका मात्र त्यांना बसणार. म्हणून मित्रांनो, उद्या नोकरीत आकड्यांचा तक्ता समोर आला आणि एखाद्या रकान्यात शून्य दिसलं, तर पुढे सरकण्याआधी एवढंच बघा, की प्रश्न काय विचारला होता आणि कोणाला!