आतून किल्ली नको

दाराचं काम घेऊन येणारं गिऱ्हाईक आधी चोराबद्दल बोलतं. "मिस्त्री, असं लॉक बसवा की कुणाच्या बापाला उघडता येऊ नये." कोरेगावात, कुमठ्यात, रहिमतपूरच्या बाजूला, सगळीकडं हेच मागणं. ते खोटंही नाही. आमच्या तालुक्यात कितीतरी घरांना वर्षातले बरेच महिने कुलूप असतं. कुणी मुंबईत माथाडी कामगार, कुणी पुण्यात कंपनीत. घर उघडतं ते यात्रेला आणि गणपतीला. अशा घरावर चोराची नजर जायचीच. पण तेच दार भरल्या घराचंही असतं. रात्री त्याच्यामागं म्हातारी माणसं आणि पोरं झोपलेली असतात. म्हणून लॉक दाखवण्याआधी मी विचारतो, घरात रात्री कोण कोण असतं?

आधी चोराचंच बघू. घरफोडीच्या बातम्यांत 'दाराचा कडीकोयंडा उचकटून' असं छापून येतं, आणि ते अगदी खरं असतं. चोर कुलूप उघडत बसत नाही. तो पहार घालतो आणि कोयंडा लाकडातून उपटतो. भारी लॉक घेतलेल्या घरातसुद्धा कोयंड्याला अर्ध्या इंचाचे स्क्रू असतात, तेही पिळून न बसवता हातोडीनं ठोकलेले. तिथंच दार हरतं. कोयंड्याला आरपार बोल्ट मारावेत, नट आतल्या अंगाला यावेत. लॉकची जीभ चौकटीत जिथं शिरते तिथल्या पट्टीला लांब स्क्रू हवेत. चौकट होल्डफास्टनं भिंतीत पक्की धरलेली हवी आणि बिजागऱ्या बाहेरून काढता येणार नाहीत अशा हव्यात. चोराला रोखायची ताकद लाकडात आणि लोखंडात घालावी. आतल्या माणसाला किल्ली शोधायला लावून ती वाढत नाही.

ही गोष्ट पटवायला सगळ्यात जास्त वेळ जातो. बाहेरून उघडायला किल्ली लागलीच पाहिजे. आतून मात्र हातानं फिरवून, अंधारात, एका झटक्यात दार उघडलं पाहिजे. बाजारात दोन्ही तऱ्हेची लॉकं मिळतात. एकात दोन्ही बाजूंना किल्लीचं भोक असतं, दुसऱ्यात बाहेर किल्ली आणि आत बोटांनी फिरवायची फिरकी. किमतीत फार फरक नसतो. तरी गिऱ्हाईक दोन्हीकडून किल्लीचंच मागतं, कारण ते जास्त पक्कं वाटतं. दाराला काच किंवा जाळी असली, की बाहेरून हात घालून कुणी फिरकी फिरवेल ही भीती रास्त आहे. मग काच लॉकपासून लांब घ्या, नाहीतर त्या जागी भरीव फळी घाला. नाइट लॅच घेतानाही एक तपासून घ्या. काही लॅचमध्ये बाहेरून किल्लीचा जादा फेरा दिला की आतली मूठ फिरत नाही. असं लॅच लावून कामाला निघालेला माणूस घरात राहिलेल्यांना कोंडून जातो आणि त्याला ते माहीतही नसतं.

३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे पुण्यात कोंढव्याला एका बेकरीला आग लागली. आत सहा कामगार झोपले होते आणि शटरला बाहेरून कुलूप होतं. सहाही गेले. ९ मे २०१९ ला, तेही पहाटेच, उरुळी देवाचीला साड्यांच्या दुकानात पाच कामगार असेच गेले. तिथंही दार बाहेरून बंद. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात २५ मार्च १९११ ला १४६ माणसं मेली, त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. कामगारांनी माल चोरू नये म्हणून तिथलं एक दार कुलपात ठेवलेलं होतं. शंभर वर्षं उलटली, समुद्र ओलांडून आपण पुण्यात आलो, तरी चूक तीच. कुलूप मालासाठी लावलं आणि माणसं आत राहिली.

घराची गोष्ट दुकानापेक्षा वेगळी नाही. आगीत माणूस बहुतेक वेळा जाळानं नाही, धुरानं जातो. धूर आधी वर साचतो आणि मग खाली उतरत येतो. डोळे उघडत नाहीत, दोन श्वासांत डोकं फिरतं. वीज गेलेली असते. जमिनीलगत हवा त्यातल्या त्यात बरी असते, म्हणून रांगत दारापाशी यायचं. आणि दारापाशी आल्यावर कळतं, की किल्ली फ्रीजवर आहे.

आमच्याकडं नव्या बंगल्यांना दारापुढं चॅनल गेट लावायची पद्धत आहे. रात्री त्याला आतून कुलूप, किल्ली उशाखाली नाहीतर देव्हाऱ्यात. मुख्य दाराचं लॉक कितीही चांगलं निवडा, चॅनल गेटच्या त्या एका कुलपानं सगळं वाया जातं. त्याच्याऐवजी आतून सरकवायचा भक्कम बोल्ट बसवता येतो. बाहेरून हात पोचू नये म्हणून त्याच्यासमोर पत्रा मारायचा. गावातला कुठलाही फॅब्रिकेटर हे करून देईल. खिडक्यांच्या ग्रिलचंही तसंच. प्रत्येक मजल्यावर निदान एका ग्रिलला आतून उघडणारी झडप ठेवा, मोठं माणूस बाहेर पडेल एवढी.

बाहेरच्या कडीबद्दल मला फार वाटतं. खेड्यात चोर एका घरात शिरण्याआधी शेजारच्या घरांना बाहेरून कड्या घालतात, म्हणजे आरडाओरडा झाला तरी कुणी मदतीला येऊ शकत नाही. जी कडी चोराला उपयोगी पडते, ती आगीच्या वेळी तुमचाच घात करते. दाराला बाहेरून किल्लीनं उघडणारं लॉक असेल तर बाहेरची कडी काढून टाका. आणि जिथं म्हातारं माणूस भुलतं, उठून कुठंही जातं, तिथं घरची माणसं ऊस तोडायला, आलं काढायला जाताना बाहेरून कुलूप लावून जातात. त्यांची अडचण मी बघितली आहे, त्यांना दोष देववत नाही. पण कुलूप लावायचंच असेल तर एक किल्ली शेजारच्या वहिनींकडं द्या, गॅसचा रेग्युलेटर बंद करा. त्याहून बरं म्हणजे कुणीतरी घरी थांबा.

आपल्या जुन्या वाड्यांना हे कळत होतं. दिंडी दरवाजाला आतून आडणा असायचा, भिंतीच्या खोबणीतून सरकणारा जाड वासा. बाहेरून धडका मारल्या तरी हलायचा नाही, आतून ओढला की मोकळा. किल्लीचं नाव नाही. घर सोडून जातानाच बाहेर कडी-कुलूप. आडणा म्हातारीला सरकत नाही हेही खरं, म्हणून आज मी तो कुणाला सुचवत नाही. पण त्यातली अक्कल घ्यावी.

आता डिजिटल लॉकं आली आहेत. वाईट नाहीत. विकत घेताना दोनच गोष्टी विचारा: सेल संपला तर बाहेरून साधी किल्ली लागते का, आणि आतली मूठ सेलाशिवाय फिरते का? दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर ते दुकानातच ठेवा. पावसाळ्यात आमच्याकडं लाकूड फुगतं आणि दार चौकटीत अडकतं, ते वेळेवर रंधून घेणंही याच कामाचा भाग आहे. अडकलेलं दार आणि कुलूप लावलेलं दार, धुरात दोन्ही सारखीच.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये बाहेर पडायच्या दारांसाठी लिहिलेलं आहे, की ती आतल्या बाजूनं किल्लीशिवाय उघडली पाहिजेत. आपल्या गावातल्या घरात हे तपासायला कुणी येत नाही. ते ज्याचं त्यानं बघायचं. आज रात्री निजानीज व्हायच्या आधी घरातले सगळे दिवे घालवा, आणि घरातल्या सगळ्यात लहान पोराला आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला मुख्य दार उघडायला सांगा. दोघांपैकी एकाला जरी जमलं नाही, तरी या आठवड्यातच लॉक बदलून घ्या.