खाड्यांची वही

नोव्हेंबरातल्या एका रात्री जेवणं आटोपल्यावर मी लालबागच्या आमच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले. ब्रिटनमध्ये अर्थशास्त्राच्या पदवीसाठी अर्ज करायचा होता. तिकडे पाच विद्यापीठांना मिळून एकच अर्ज जातो, यूकास नावाच्या संस्थेमार्फत. नाव, पत्ता, दहावीचे गुण असं सगळं भरून झालं आणि पर्सनल स्टेटमेंटचं पान आलं. 2026 च्या प्रवेशापासून तिथे तीन प्रश्न विचारतात. हा विषय का शिकायचा आहे? आतापर्यंतच्या शिक्षणानं तुमची काय तयारी झाली? आणि शिक्षणाबाहेर काय केलंत, त्याचा उपयोग काय? प्रत्येक उत्तर किमान 350 अक्षरांचं, तिन्ही मिळून जास्तीत जास्त 4,000 अक्षरं, मधल्या मोकळ्या जागाही त्यातच धरलेल्या. मुदत 14 जानेवारी, आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री साडेअकरा.

पहिल्याच प्रश्नापाशी मी अडले. आपल्याकडे बारावीपर्यंत मुलांना टक्के विचारतात, हा विषय तुला का हवा असं कुणी विचारत नाही. अकरावीला कॉमर्स घेताना मला एकच प्रश्न आला होता, मॅथ्स की एसपी, म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस? माझ्या बहुतेक मैत्रिणींनी एसपी घेतलं, कारण त्यात गुण मिळतात. मी बाबांच्या आग्रहामुळे गणित ठेवलं. आता अर्ज भरताना कळलं की तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांत अर्थशास्त्राला गणिताशिवाय दारातही उभं करत नाहीत. पंधराव्या-सोळाव्या वर्षी एका चौकटीत केलेली खूण एवढं मोठं दार बंद करते, हे मुलांना त्या वेळीच कुणीतरी सांगायला हवं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन दिवस खपून मी पहिला मसुदा लिहिला. लहानपणापासून मला अर्थशास्त्राची आवड आहे, अर्थशास्त्र हा समाजाचा कणा आहे, मला देशाच्या विकासाला हातभार लावायचा आहे, अशी वाक्यं होती. वाचायला बरी वाटत होती. मी ती कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या सरांना दाखवली. त्यांनी शांतपणे शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, “तुझ्या घरातली पैशाची अशी कुठली गोष्ट आहे, जी तुला अजून उलगडलेली नाही?”

मी म्हटलं, “सर, आमच्या घरात पैशाच्या काही गोष्टी नाहीत. पैसेच नव्हते.”

“मग तिथूनच सुरू कर,” ते म्हणाले.

घरी येऊन मी आजीपाशी बसले. आजी लग्न होऊन साताऱ्याकडून लालबागला आली. आजोबा गिरणीत साचेवाले. आजी खानावळ चालवायची. तेव्हा एकेका गाळ्यात गावाकडचे दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीनं राहायचे, बायकामुलं गावी, आणि जेवण अशा खानावळवाल्या बायकांकडे. या बायकांचे कष्ट एरवी कुठल्याच हिशेबात धरले गेले नव्हते. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आजी मंडळात नव्हती, पण नाव निघालं की आजही तिचा चेहरा उजळतो.

मी पैशाचं विचारल्यावर तिनं पेटीच्या तळातून एक वही काढली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा तेलानं काळपट झालेल्या. आजी चौथी शिकलेली, अक्षर ठळक आणि सरळ. एका पानावर एक महिना. डावीकडे नावं, मग तारखांची घरं, उजवीकडे खाडे, उचल, जमा, बाकी. ज्या दिवशी माणूस जेवला नाही त्या घरात फुली, तो खाडा. खाड्याचे पैसे ती कापून द्यायची.

मी बराच वेळ त्या फुल्या बघत राहिले. काही नावांपुढे महिन्याला एखाददुसरी फुली, काहींच्या पुढे दहा-बारा. मी विचारलं, हे इतके का चुकवायचे? आजी म्हणाली, “ते बदलीवाले. सकाळी गेटवर उभं राहायचं, काम मिळालं तर हजेरी. नाय मिळालं की लाजंनं जेवायला यायचे नायत. मी हाक मारायची, तरी यायचे नायत.”

पाठ्यपुस्तकात मी ‘उत्पन्नाची अनिश्चितता’ हे शब्द पाठ केले होते. ती अनिश्चितता इथे निळ्या शाईत फुल्या मारून ठेवलेली होती. कुणी किती दिवस उपाशी राहिलं हे कुठल्याही सरकारी अहवालात नसेल, पण आजीच्या वहीत आहे. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला हा विषय खरंच शिकायचा आहे.

पानं उलटत मी जानेवारी 1982 पाशी आले. 18 जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. फेब्रुवारीच्या पानावर जमेचा रकाना जवळजवळ रिकामा आहे. एप्रिलपर्यंत नावं गळत गेली, माणसं गावी गेली. शेवटच्या पानावर अकरा नावं आणि अकरा बाक्या. त्यापुढे वही कोरी. ही बाकी बुडालीच असणार असं मी धरून चालले, आजीला विचारलंही नाही. पुढे तीच चूक मला नडली.

6 डिसेंबरला, बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मृतिदिनी, मी दादरला शिवाजी पार्कवर गेले. चैत्यभूमीला लोटलेल्या त्या गर्दीत पुस्तकांचे स्टॉल असतात, खेड्यापाड्यांतून आलेली माणसं पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. तिथून मी बाबासाहेबांच्या लेखनाचा सहावा इंग्रजी खंड घेतला, त्यांचं अर्थशास्त्रावरचं लेखन त्यात आहे. परळच्या ज्या बीआयटी चाळीत ते कित्येक वर्षं राहिले, ती आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथला माणूस लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये जाऊन 1921 मध्ये एमएस्सी झाला आणि 1923 मध्ये डीएस्सी, एवढं मला माहीत होतं. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या त्यांच्या ग्रंथाची प्रस्तावना मात्र मी पहिल्यांदाच वाचली. ती लिहिली आहे त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी. त्यात ते स्पष्ट सांगतात की लेखकाचे बरेचसे युक्तिवाद मला पटत नाहीत, पण जिथे पटत नाहीत तिथेही त्याच्या विचारातला ताजेपणा मला जाणवला.

ते वाचून माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. वाचणाऱ्याला आवडेल ते लिहायचं, या दडपणाखाली मी महिनाभर होते. अर्ज वाचणाऱ्याला माझं मत पटलंच पाहिजे असं नाही. मी विचार कसा करते, हे त्याला दिसलं पाहिजे.

मग मी एक प्रश्न निवडला, भिशीचा. आजीची भिशी वहीच्या मागच्या पानांवर होती. बारा बायका, महिन्याला प्रत्येकीचे वीस रुपये, म्हणजे दर महिन्याला एकीच्या हातात 240. सरांनी मला टिमथी बेस्ली, स्टीफन कोट आणि ग्लेन लाउरी यांचा 1993 चा भिशीवरचा शोधनिबंध वाचायला दिला होता. त्यातलं पुढचं गणित मला झेपलं नाही, पण मूळ मुद्दा मी आजीच्या आकड्यांवर करून पाहिला. एकटीनं वीस-वीस साठवले तर 240 व्हायला बारा महिने. भिशीत पहिलीला पहिल्या महिन्यात, दुसरीला दुसऱ्या, अशी सरासरी काढली तर साडेसहा महिने येते. शेवटची बाईसुद्धा बारा महिनेच थांबते, म्हणजे एकटीनं साठवण्यापेक्षा तिचंही वाईट होत नाही. बारा बायका नुसत्या एकत्र बसल्या आणि अकरा जणींची वाट कमी झाली. मी कागदावर पुन्हा पुन्हा आकडेमोड करून पाहिली. उत्तर तेच येत होतं आणि प्रत्येक वेळी तेवढाच आनंद होत होता.

पण मग पहिल्या महिन्यात पैसे उचललेली बाई पुढचे अकरा महिने का भरते? करारपत्र नाही, तारण नाही. मी लिहिलं, शेजार हेच तारण. एकच नळ, एकच जिना, एकच गॅलरी. पैसे बुडवून तोंड कुठे लपवणार? आमच्या जवळच्या एका चाळीचा टॉवर झाला, दारं बंद झाली आणि तिथली भिशी दोन वर्षांत मोडली, हेही मी पुरावा म्हणून घातलं. हा मसुदा आधीच्यापेक्षा कितीतरी चांगला होता.

अडचण अक्षरांची होती. चार हजारात सगळं बसेना. खाडा, उचल, बदलीवाला या प्रत्येक शब्दाला इंग्रजीत अख्खं वाक्य लागत होतं. शेवटी ठरवलं की ‘भिशी’ तेवढा तसाच ठेवायचा आणि बाकी अर्थ सांगायचे. शाळेतली बक्षिसं, वक्तृत्व स्पर्धा, ‘आवड’ हा शब्द जिथे जिथे होता ती वाक्यं, सगळं काढलं. काढताना जीव तुटत होता, पण प्रत्येक वेळी उरलेलं जास्त खरं दिसत होतं.

10 जानेवारीला रात्री मी तो मसुदा आजीला मराठीत वाचून दाखवला. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, “चिठ्ठीनं नंबर लागायचा म्हणतीस, ते कागदावर. कुणाच्या लेकीचं बाळंतपण निघालं, कुणाच्या घरात आजार, की जिचा नंबर असंल ती सोडायची. मी दोनदा सोडलाय.”

मी तिथेच थांबले. मी भिशीला बचत समजत होते. आजीसाठी ती अडीअडचणीची सोय होती, एक प्रकारचा विमा. नंतर सरांनी सांगितलं की चार्ल्स कॅलोमिरिस आणि इंदिरा राजारामन यांनी 1998 मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला आहे, भिशी मोठ्या खरेदीसाठी असते की संकटासाठी?

पुढे वाचताना मी संपाच्या बाक्या बुडाल्याचं वाक्य वाचलं. आजीनं डोळे उघडले. “बुडाल्या कुणी सांगितलं तुला? वही आण.”

तिनं शेवटचं पान दिव्याखाली धरलं. काही नावांपुढे शिसपेन्सिलीची बारीक खूण होती आणि खुणेशेजारी तारीख. मी ती शाईची पुसट रेघ समजून सोडून दिली होती. 1984. 1985. 1989 ची एक. अकरापैकी आठ खुणा. कुणी गणपतीला मुंबईला आला तेव्हा देऊन गेला, एकानं लेकाच्या हाती पाठवले, एकानं गावाहून तांदूळ आणून फेड केली.

आता माझं ‘शेजार हेच तारण’ उभं राहीना. ही माणसं शेजार सोडून गेली होती. त्यांना ना नळावर आजी भेटणार होती, ना जिन्यात. गिरणी गेली, पगार गेला, विचारायला कुणी जाणार नव्हतं, तरी पैसे आले. का? मी आजीला विचारलं. ती म्हणाली, “जेवलेले ना ते.” तिच्या दृष्टीनं एवढं उत्तर पुरेसं होतं. माझ्या दृष्टीनं अजून नाही.

शेवटचे तीन दिवस मी तिसरं उत्तर पूर्ण नव्यानं लिहिलं. भिशीबद्दलचा माझा अंदाज लिहिला, मग वहीनं तो कुठे खोटा ठरवला ते लिहिलं. शेवटी आत्मविश्वासाचं वाक्य होतं, ते काढून प्रश्न ठेवला: वसूल करणारं कुणी नसताना माणसं कर्ज का फेडतात, हे मला शिकायचं आहे. एकूण 3,982 अक्षरं झाली. 13 तारखेला अर्ज पाठवला.

पहिल्या रात्री कुणी मला सांगितलं असतं की स्टेटमेंटमध्ये थोर काही सांगायचं नसतं, आपल्याला न सुटलेली एक गोष्ट नीट, आकड्यांसकट समोर ठेवायची असते, तर माझे कितीतरी दिवस वाचले असते. म्हणून हे लिहिलं. गिरगाव ते लालबाग, प्रत्येक जुन्या घरात अशी एखादी वही, एखादी भिशी, एखादी उधारी आहेच. माझ्यासारख्या अर्ज भरणाऱ्या मुलामुलींनी आधी तिथे बघावं, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय काही धरून चालू नये.

अर्ज गेल्यावर मी वही आणखी थोडे दिवस ठेवू का म्हणून विचारलं. आजीनं ती माझ्या हातातून घेतली, पदरानं पुसली आणि पेटीत ठेवली. म्हणाली, “लागंल तेव्हा माग. तिघांची बाकी आहे अजून.”