माहेर कोणत्या बाजूला?

आमच्या एम. ए.च्या वर्गात एक कर्णबधिर विद्यार्थिनी आहे. जात्यावरच्या ओव्यांवरील माझ्या दोन तासांच्या व्याख्यानासाठी महाविद्यालयाने भारतीय सांकेतिक भाषेच्या दोन दुभाषिका ठरवल्या. कान देऊन ऐकत हातांनी अर्थ मांडणे थकवणारे असते. साधारण वीस-तीस मिनिटांनी त्या पाळी बदलतात. त्यांना आधी साहित्य पुरवणे हे ओघानेच माझ्याकडे आले.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या लाखाहून अधिक ओव्यांच्या संकलनातून निवडलेल्या काही ओव्या, विशेषनामे आणि संज्ञा मी आठवडाभर आधी पाठवल्या. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा कोश २०२१ मध्ये १०,००० शब्दांवर गेला. तरी 'पाठभेद' किंवा 'आदिबंध' यांसाठी रूढ खूण असेलच असे नाही. तिथे बोटांनी अक्षरे लिहावी लागतात, नाहीतर अर्थ उलगडावा लागतो. म्हणून प्रत्येक संज्ञेपुढे दोन ओळींचा अर्थ जोडला.

पेच निराळाच निघाला. "सर, माहेर कोणत्या बाजूला ठेवू?" एकीने विचारले. या भाषेत व्यक्तींना व स्थळांना शरीरापुढच्या अवकाशात जागा दिली जाते आणि पुढचे येणेजाणे त्या जागांमधून दाखवले जाते. दळणारी एकटी की समोर जोडीदारीण आहे, ती भावाशी बोलते की जात्याशी, भाऊ कुठून येतो, हे ठरल्यावाचून ओवी हातांवर उतरत नाही. ऐकताना हे सारे मोघम राहिले तरी चालून जाते.

"त्यापेक्षा आशय तेवढा सांगू का?" दुसरीने सुचवले. मी नको म्हटले. मग त्या मुलीला ओवी मिळाली नसती, ओवीबद्दलचे माझे मत मिळाले असते. यमक आणि नाद हरवणार हे उघड होते. पण ओवीची लय मुळात जाते फिरवणाऱ्या हाताची आहे, ती हातांना परकी नव्हती. प्रत्येक ओवी आधी सलग खुणांत यावी, मग मी विवेचन करावे आणि पडद्यावरचा मजकूर वाचला जात असताना गप्प राहावे, असे ठरले. एकाच वेळी पडदा आणि हात पाहता येत नाहीत.

माहेर आम्ही उजवीकडे ठेवले होते. व्याख्यानानंतर विद्यार्थिनीने हरकत घेतली: भूतकाळाची खूण खांद्यामागे जाते, या बाईचे माहेरही तिथेच हवे, ते तिच्या शेजारी नाही, मागे पडले आहे. दुभाषिकांनी तिचे म्हणणे वर्गाला सांगितले. त्यावर आमची चर्चा बराच वेळ चालली, आणि एकमत झाले नाही.