प्रभावळ

उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या देवस्थानात मुलांसाठी संस्कारवर्ग भरतो. सकाळी सभामंडपात स्तोत्रपठण, नंतर गीतेचा एखादा अध्याय आणि शेवटी कुणा वडीलधाऱ्या गृहस्थाचे चार हिताचे शब्द, असा त्याचा क्रम. गेल्या वर्षी ते चार शब्द बोलण्याची पाळी आमच्यावर आली. विषय आम्हीच निवडला : पडद्यावरील बंदुकीचे खेळ आणि मुलांची बुद्धी. चार शब्दांऐवजी आम्ही चाळीस मिनिटे बोललो. बोलण्याच्या भरात 'हेलो' नावाच्या एका खेळाचा नामनिर्देश करून आम्ही त्याच्यावर विशेष आग पाखडली. ते नाव प्रथम कानी आले, तेव्हा टेलिफोनवरच्या 'हॅलो'पैकीच काहीतरी असेल, अशी आमची समजूत झाली होती. पुढे कोश उघडला, तेव्हा कळले, की संतमहात्म्यांच्या मस्तकामागे जे तेजाचे वलय चितारतात, त्याला इंग्रजीत हा शब्द आहे. म्हणजे आपल्याकडील प्रभावळ. पवित्र वस्तूचे नाव गोळीबाराच्या खेळाला! एवढा पुरावा आम्हांला पुरेसा वाटला.

टाळ्या झाल्या, प्रसाद वाटला गेला. बारावीची परीक्षा देऊन सुटीला आलेला आमचा नातू त्या वर्गात लहान मुलांवर देखरेख करीत होता. घरी परतताना तो वाटेत काही बोलला नाही. जेवताना मात्र पानाकडे पाहतच त्याने विचारले, "आजो, तुमी तो खेळ केन्ना पळयलो?"

प्रश्न साधा होता आणि विचारणाऱ्याच्या स्वरात उद्धटपणाचा लेशही नव्हता. आम्ही तो खेळ कधीच पाहिलेला नव्हता. आमच्या सौभाग्यवतींनी आमच्या पानात निमूटपणे भात वाढला. त्या निमूटपणातही एक अभिप्राय होता. घराचा पाया घालायचा असो की मुलीचे लग्न ठरवायचे असो, देवाला प्रसाद लावून कौल घेतल्यावाचून आपण पाऊल टाकीत नाही. परंतु घरातील मुलाला ज्या गोष्टीत गोडी आहे, तिच्यावर निकाल देताना त्या मुलाला एक शब्दही विचारावा, असे आम्हांला वाटले नव्हते. दुसऱ्या दिवशी दिवेलागण झाल्यावर आम्ही त्याला म्हणालो, "दाखव तुझी ती प्रभावळ."

त्याने दिवाणखान्यातील दूरदर्शनसंचाला आपले यंत्र जोडले आणि मालिकेचे जुने भाग एकत्र करून २०१४ साली काढलेला संच लावला. पडद्यावर काही दिसण्यापूर्वीच पुरुषांच्या कंठांतून उठलेला एक संथ, गंभीर आलाप ऐकू आला. त्याला वाद्यांची साथ नव्हती. युरोपातील जुन्या मठांमधून साधू गात असत, त्या पद्धतीची ती रचना मार्टिन ओडॉनेल आणि मायकेल साल्व्हातोरी या दोघांची आहे. गोव्यात देऊळ आणि चर्च यांच्यामध्ये कित्येकदा एका माळाचेच अंतर असते. तेव्हा असा सूर आमच्या कानांना अगदीच परका नव्हता. तथापि बंदुकीच्या खेळाच्या दारात तो भेटेल, अशी आमची अपेक्षा नव्हती. पहिला धक्का आम्हांला बसला, तो हा.

या खेळाचा इतिहास नातवाने आम्हांला सांगितला, तो थोडक्यात असा. अमेरिकेतील शिकागो शहरात १९९१ साली 'बंजी' नावाची एक लहानशी कंपनी निघाली. तिने रचलेला हा खेळ १९९९ च्या जुलैत न्यूयॉर्क येथील एका मेळाव्यात स्टीव्ह जॉब्स यांनी प्रथम लोकांपुढे मांडला. परंतु २००० साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली आणि १५ नोव्हेंबर २००१ रोजी एक्सबॉक्स या आपल्या नव्या यंत्राबरोबर खेळ बाजारात आणला. असले खेळ टेबलावरच्या संगणकाचे, अशी तोवर सर्वसाधारण समजूत होती. घरच्या दूरदर्शनसमोर हातात कंट्रोलर घेऊन ते तितकेच चांगले खेळता येतात, हे बहुतेकांना या खेळाने पटवले. दुसरा भाग २००४ च्या नोव्हेंबरात आला, तेव्हा पहिल्या एका दिवसात सुमारे साडेबारा कोटी डॉलरांची विक्री झाली. २००७ च्या सप्टेंबरातील तिसऱ्या भागाने अमेरिकेत एका दिवसात १७ कोटींचा आकडा गाठला.

आकडे ऐकून आम्ही मान डोलावली. परंतु आकड्यांवरून गोडी कळत नाही. ती कळण्यासाठी नातवाने दुसरा कंट्रोलर आमच्या हाती दिला. पडदा आडवा दुभागला. वरच्या अर्ध्या भागात तो, खालच्या अर्ध्या भागात आम्ही. आमचा योद्धा प्रथम आकाशाकडेच पाहत राहिला, मग भिंतीला टेकून चालू लागला आणि शेवटी एका कड्यावरून खाली पडला. नातू हसला नाही. "आजो, थांबा. मी आडोशाला पोचलो, की तुम्ही पुन्हा उभे राहाल," एवढेच तो म्हणाला. जोडीने खेळताना एक पडला आणि दुसरा संकटातून बाहेर येऊन सुरक्षित जागी थांबला, की पडलेला त्याच्याजवळ पुन्हा प्रकट होतो, असा तेथील नियम आहे. त्या संध्याकाळी आम्ही कितीदा पडलो, याची गणती नाही; आणि प्रत्येक वेळी तो मुलगा आमच्यासाठी थांबला.

खेळाची बांधणी हळूहळू ध्यानात येऊ लागली. योद्ध्याभोवती एक अदृश्य कवच असते. मार बसला, की ते क्षीण होते आणि आडोशाला काही क्षण स्वस्थ राहिले, की पुन्हा भरून येते. म्हणून माघार घेणे हाही लढण्याचाच भाग ठरतो. शस्त्रे दोनच बाळगता येतात. तिसरे हवे, तर हातातले एक टाकावे लागते. शत्रूंपैकी बुटके सैनिक आपला नायक पडताच हात वर करून पळत सुटतात. हा खेळ रचणाऱ्यांपैकी जेमी ग्रीझमर यांचा एक विचार प्रसिद्ध आहे : तीस सेकंदांची उत्तम मौज साधावी आणि तीच निरनिराळ्या जागी, निरनिराळ्या शत्रूंपुढे पुन्हा पुन्हा आणावी. आम्हांला भजनातील ध्रुवपद आठवले. तेही दर कडव्यानंतर परतते आणि तरीही कंटाळवाणे होत नाही, कारण प्रत्येक खेपेस ते नव्या कडव्यावरून आलेले असते.

आणि मग आम्ही ती प्रभावळ पाहिली. कथेच्या आरंभी माणसांचे एक जहाज पाठलाग चुकवीत अंतराळातील एका प्रचंड कड्यापाशी येते. त्या कड्याचा व्यास दहा हजार किलोमीटर असून त्याच्या आतल्या अंगावर समुद्र आहेत, डोंगर आहेत, गवत आहे. गवतावर उभे राहून दूर पाहावे, तर जमीन क्षितिजाशी संपत नाही. ती वर चढू लागते, निळी होत जाते आणि डोक्यावरून कमान करून पाठीमागच्या बाजूस उतरते. जत्रेच्या आधी देवाची चांदीची प्रभावळ चिंचेच्या कोळाने उजळण्याचे काम आमच्या घराकडे आहे. ती कमान आम्ही हातांनी ओळखतो. तीच कमान त्या आकाशात उभी होती. आम्ही काही वेळ कंट्रोलर मांडीवर ठेवला. नातू काही न बोलता थांबला.

कथा सव्विसाव्या शतकातली. 'कव्हेनंट' नावाचा परग्रहवासी जातींचा एक धर्मसंघ माणसांच्या नाशास उठला आहे. लक्षावधी वर्षांपूर्वी नव्हे, पण सुमारे एक लक्ष वर्षांपूर्वी नाहीशी झालेली 'फोररनर' नावाची एक जात या संघाला देवासमान वाटते. तिने मागे ठेवलेली असली सात कडी म्हणजे मोक्षाची दारे. ती चेतवली, की आपण महायात्रेला निघू, अशी त्यांची श्रद्धा आहे. वास्तविक ती कडी म्हणजे अस्त्रे आहेत. 'फ्लड' नावाची एक परजीवी महामारी विचारशील प्राण्यांच्या देहांवर पोसली जाते. तिची उपासमार व्हावी, म्हणून तिचे अन्नच नाहीसे करणारी, म्हणजे आकाशगंगेतील सर्व विचारशील जीवसृष्टी संपवणारी ही योजना. ज्यांनी ती रचली, तेही तिच्यातच संपले.

येथे आमच्या मनात प्रथम रोष आला. श्रद्धेची थट्टा करण्यासाठीच ही कथा रचली असावी, असे वाटले आणि आमचे व्याख्यान बरोबर होते, असे म्हणण्याची संधी चालून आली. परंतु कथेने ती आम्हांला घेऊ दिली नाही. कारण ती चूक केवळ श्रद्धावंत करीत नाहीत, कथेचा नायक मास्टर चीफ हाही करतो. कड्याची राखण करणारे एक यंत्र त्याला सांगते, की हे चेतवले, म्हणजे महामारी आवरेल. तो आज्ञाधारक सैनिक किल्ली मिळवतो आणि चेतवायला निघतो. शेवटच्या क्षणी कोर्टाना नावाची त्याची यांत्रिक सखी त्याला अडवते आणि या अस्त्राने नेमके कोण मरणार, हे सांगते. अश्वत्थाम्याला अस्त्र सोडता येत होते, आवरता येत नव्हते. येथे तर सोडणाऱ्याला आपण काय सोडतो आहोत, हेच ठाऊक नव्हते. आम्ही नातवाकडे पाहिले नाही. चौकशी न करता कळ दाबायला निघालेला आणखी एक मनुष्य त्याच खोलीत बसला होता, हे आम्हांला तेवढ्यात उमगले.

दुसऱ्या भागात ही गोष्ट आणखी खोल जाते. ते कडे नष्ट झाल्याबद्दल कव्हेनंटचा एक सेनापती दोषी ठरतो, त्याच्या छातीवर लांच्छनाची मुद्रा उमटवली जाते आणि प्रायश्चित्त म्हणून त्याला 'अर्बिटर' हे पद देऊन मरणाच्या कामगिऱ्यांवर धाडले जाते. खेळाचा जवळजवळ अर्धा भाग या शत्रूच्या नजरेतून खेळावा लागतो. आपला नायक बाजूला सारला, म्हणून २००४ साली पुष्कळ खेळाडू नाराज झाले होते. परंतु हा अर्बिटर ज्या तऱ्हेने सत्यापर्यंत पोचतो, ती आम्हांला फार मोलाची वाटली. तो श्रद्धा टाकून देत नाही. ज्यांनी त्याच्या श्रद्धेचा वापर केला, त्यांना जाब विचारतो. प्रभावळीची आपण पूजा करीत नाही, तिच्यापुढे उभ्या असलेल्या मूर्तीची करतो. मूर्तीवाचूनची रिकामी कमानच देव म्हणून दाखवणारे पुढारी निघाले, तर दोष भक्तीचा नव्हे, त्या पुढाऱ्यांचा; आणि थोडा न विचारणाऱ्यांचाही.

आता जे डाचले, तेही सांगितले पाहिजे. हा खेळ युद्धाचाच आहे. शोक, पश्चात्ताप, करुणा हे सारे त्यात असले, तरी बोट बंदुकीच्या घोड्यावरून फारसे उठत नाही. पहिले भाग अमेरिकेत सतरा वर्षांवरील मुलांसाठीच ठरवलेले होते. २०१५ सालच्या पाचव्या भागापासून ती मर्यादा तेरावर आली. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती तो द्यावा, असे आम्ही आजही म्हणणार नाही. इंटरनेटवर अनोळखी लोकांशी खेळताना ऐकू येणाऱ्या शिवीगाळीमुळे या खेळाचे नाव जे खराब झाले, ते उगाच नव्हे. मूळ कंपनी २००७ साली मायक्रोसॉफ्टपासून वेगळी झाली. २०१२ पासूनचे मुख्य भाग दुसऱ्या मंडळींनी केले आणि जुन्या रसिकांत त्यांच्याविषयी एकमत नाही.

परंतु त्या रसिकांची एक तक्रार नातवाने सांगितली, ती आमच्या कायमची मनात राहिली. पाचव्या भागातून एकाच पडद्यावर दोघांनी शेजारी बसून खेळण्याची सोय काढून टाकण्यात आली. २०२१ साली आलेल्या 'इन्फिनिट' या भागाच्या कथेसाठी तिचे आश्वासन दिले होते. २०२२ साली तेही मागे घेतले गेले. लोक चिडले, ते शस्त्रे कमी झाली म्हणून नव्हे, शेजारची जागा गेली म्हणून. पुढे २०२५ च्या ऑक्टोबरात पहिल्याच खेळाची नवी आवृत्ती जाहीर झाली, तेव्हा ही सोय तीत असेल, असे आवर्जून सांगावे लागले. या खेळाची गोडी नेमकी कशात आहे, हे आम्हांला त्या तक्रारीने जितके कळले, तितके विक्रीच्या आकड्यांनी कळले नव्हते.

पहिल्या भागाच्या अखेरीस फुटू घातलेल्या जहाजातून गाडी पळवायची असते आणि पडद्यावर उरलेला वेळ उलटा मोजला जातो. नातू गाडी हाकीत होता आणि आम्ही मागच्या बाजूस उभे होतो. दोनदा वेळ संपला. तिसऱ्या खेपेस काही क्षण शिल्लक असताना आम्ही पार झालो आणि वयाला न शोभेल अशी आरोळी आमच्या तोंडून निघाली. स्वयंपाकघरातून सौभाग्यवती धावत आल्या.

यंदा संस्कारवर्गात बोलण्याची पाळी आम्ही मागून घेतली. त्याच सभामंडपात उभे राहून, गेल्या वर्षी आम्ही न पाहता बोललो होतो, असे प्रथम सांगितले आणि मग पाहिल्यानंतरचे बरेवाईट मत दहा मिनिटांत मांडले. या खेपेस टाळ्या कमी पडल्या. मात्र मुलांनी प्रश्न पुष्कळ विचारले. नातू आता शिक्षणासाठी दूर गेला आहे. जाताना त्याने यंत्र बरोबर नेले नाही. दोन्ही कंट्रोलर दिवाणखान्याच्या कपाटात ठेवून गेला. जत्रेला तो येईल. तोवर प्रभावळही उजळून ठेवावयाची आहे.