पोलादाचा पाटा कीं कांचतंतूंचा ?

आमच्या वडिलांनीं 1983 सालीं एक पद्मिनी मोटार घेतली. त्या काळीं पैसे भरून मोटारीसाठीं वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे; म्हणून ती दारीं आली तेव्हां घरांत लग्नकार्यासारखा आनंद झाला, असें आई अजून सांगते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत होणाऱ्या ह्या मोटारी आतां दुर्मिळ झाल्या आहेत. मुंबईच्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनीही 2023 च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. वडील आज नाहींत; गाडी मात्र आहे, आणि ती चालती ठेवणें हें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

तीन वर्षांपूर्वीं गाडीचा मागचा भाग खालीं बसूं लागला. आम्हीं कोणास नीट न विचारतां दोन्ही बाजूंच्या कमानींत एकेक जादा पाटा घालून घेतला. गाडी उंच झाली, खर्चही थोडा आला, आणि आपण शहाणपण केलें असें आम्हांस वाटलें. परंतु गाडी इतकी ताठ झाली कीं लहानशा खड्ड्यावरूनही ती उडे. आईस पाठीचें दुखणें. ती मुकाट्यानें दाराची मूठ घट्ट धरून बसे. गाडी वडिलांची, म्हणून तक्रारीचा शब्द तिनें कधीं काढला नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत तिला घेऊन पांचगणीस जात असतां पसरणी घाटांत मागून कट्‌दिशीं आवाज आला व गाडी एका अंगास कलली. डाव्या बाजूचा मुख्य पाटा टोकाशीं तडकला होता. खालच्या पाट्यांनीं भार सांवरला, म्हणून आम्ही हळूहळू वाईस सुखरूप उतरलों. त्या रात्रीं आमच्या डोळ्यास डोळा लागला नाहीं.

आतां नवे पाटे घालणें प्राप्तच होतें, पण कसले? आमचा भाचा यंत्रशास्त्राचा विद्यार्थी. तो म्हणाला, “मामा, अजून लोखंडाच्याच युगांत राहणार का तुम्ही ? कांचतंतूंचा एकच पाटा करून घ्या. गंजायला नको, कुरकुरायला नको.” त्याचें बोलणें पोरकट नव्हतें. स्प्रिंगेचें काम धक्का अडविण्याचें नसून तो क्षणभर पोटांत सांठवून सावकाश परत देण्याचें असतें. कांचेचे बारीक तंतु एका दिशेनें लावून ते राळेंत बसविले म्हणजे जें संमिश्र द्रव्य होतें, तें पोलादाच्या सुमारें चौथाई वजनाचें असून चौपट-पांचपट सहज लवतें. त्यामुळें तितक्याच वजनांत तें पोलादाहून कितीतरी अधिक धक्का सांठवितें.

ह्याचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेंतील कॉर्व्हेट मोटार. 1963 पासून तिच्या मागील चाकांना पोलादी पाट्यांची एकच आडवी कमान असे. तिचें वजन सुमारें 20 किलो. 1981 सालीं कांहीं गाड्यांत तिच्या जागीं कांचतंतूंचा एक पाटा आला. त्याचें वजन 4 किलोंहूनही कमी! 1984 च्या नमुन्यापासून पुढेंही तसाच पाटा बसूं लागला. जुन्या कॉर्व्हेटचे हौशी मालक आज आपली पोलादी कमान काढून हा पाटा घालतात, त्यांत नवल नाहीं. हें ऐकून आम्ही जवळजवळ होकार देऊन बसलों होतों.

तथापि एकदां ठेंच लागली होती. म्हणून ह्या वेळीं एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें व एवढेंच म्हणाले, “मास्तर, जरा खालीं वाकून बघा. मागचा ॲक्सल जागेवर धरलाय कुणी ?” आम्हीं वाकून पाहिलें. ॲक्सल धरून ठेवण्याचें काम मुख्यतः पाट्यांकडेच होतें ! गाडीचा भार पेलणें हें त्यांचें एक काम. पण चाकांचा रेटा गाडीस पोंचविणें, ब्रेक दाबतांच ॲक्सलला पिळूं न देणें, वळणावर त्याला बाजूस सरकूं न देणें, हींही कामें त्यांचींच. कॉर्व्हेटमध्यें चाकें जागेवर धरण्यास निराळे दांडे आहेत. तेथें पाट्यानें फक्त वर-खालीं लवावयाचें. एका नोकरास एक काम, आणि दुसऱ्यास चार !

कांचतंतूंच्या पाट्याचा स्वभाव बांबूसारखा आहे. लांबीच्या दिशेनें तो बळकट. पण आडवा ताण किंवा पीळ बसला तर सर्व भार तंतूंवर न पडतां राळेवर पडतो व उभी चीर जाण्याचें भय असतें. टोकांस धातूचे तुकडे जोडावे लागतात, आणि मध्यें यू-बोल्टांच्या आवळण्यानें तो चेंगरूं नये ह्याचीही काळजी घ्यावी लागते. शिवाय पोलादी पाटे एकमेकांवर घासून गाडीचें हेलकावणें कांहींसें आवरतात; एकच पाटा असला कीं तें काम सर्वस्वीं शॉक-ॲब्सॉर्बरवर येतें. हे दोष दूर करतां येत नाहींत असें नव्हे. पण त्यासाठीं आकार ठरवून, हजारों वेळां लववून परीक्षा घ्यावी लागते. एकट्या जुन्या गाडीसाठीं केलेल्या पाट्याची अशी परीक्षा कोण घेणार ? ती आईस मागच्या बैठकीवर बसवून घेण्याची आमची तयारी नव्हती.

म्हणून आम्हीं पोलादच पसंत केलें. जादा पाटे काढून टाकले व मुख्य पाटे नवे घातले. बाकीचे नुसते बडवून न घेतां लाल तापवून कमान दिली, तेलांत विझविले व पुन्हां बेताच्या आंचेवर तापवून त्यांचा ठिसूळपणा घालविला. आपण ह्यास ‘पाणी देणें’ म्हणतों, पण येथें पाण्याऐवजीं तेल असतें. नुसत्या बडवलेल्या पाट्यांची कमान लवकरच पुन्हां बसते. बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतांनाच शेवटचे आवळले, आणि थोडी धांव झाल्यावर यू-बोल्ट पुन्हां तपासले.

भाच्यास हें सर्व समजावून सांगितलें तेव्हां तो हंसून म्हणाला, “मामा, मीं पाटा पाहिला, ॲक्सल पाहिलाच नाहीं !” आम्हीं तरी पूर्वीं कोठें पाहिला होता ? विद्यार्थिमित्रहो, नवें चांगलें कीं जुनें, हा वाद घालण्यापूर्वीं त्या वस्तूकडे काम कोणतें आहे, हें खालीं वाकून पाहावें. आमची गाडी कॉर्व्हेटसारखी असती, तर आम्हीं भाच्याचेंच ऐकलें असतें.

असो. दिवाळीच्या सुटींत पुन्हां पसरणी घाट चढलों. अर्ध्या वाटेवर मागें वळून पाहिलें, तों आईचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि तिला डुलकी लागली होती.