सहीची किंमत

गेल्या वर्षीच्या कबड्डी स्पर्धेचा जमाखर्च अजून माझ्याच कपाटात आहे. दोनशे पानी वही, वर खाकी कव्हर. मी मंडळाचा खजिनदार, आणि त्याचे कारण एवढेच की मी कॉमर्सला आहे. नंदगडात कॉमर्सच्या मुलाकडे लग्नातल्या आहेरापासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत सर्व वह्या आपोआप चालत येतात!

आमच्या संघात एक चढाईपटू आहे. त्याचे नाव येथे देत नाही; ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहेच. त्याचे शिक्षण कन्नड माध्यमातून झाले, माझे मराठीतून. परंतु मैदानावर दोघांची भाषा एकच. तो कॉलेजच्या संघातही खेळतो. गेल्या वर्षी खानापुरात खेळाच्या सामानाचे एक नवे दुकान उघडले. मालकाने उद्घाटनाला याला बोलावले. याने दिवसभर तिथे उभे राहून शाळकरी पोरांच्या टी-शर्टवर आणि बॅटींवर सह्या केल्या, आणि संध्याकाळी मालकाने त्याच्या हातात हजार रुपये ठेवले.

ही बातमी आमच्या बसच्या आधी गावात पोहोचली. ‘सही विकली’ असे कोणी म्हणाले, ‘उद्या सामना विकेल’ असे दुसरा म्हणाला. मंडळाची बैठक बसली. प्रांजळपणे सांगायचे तर त्या बैठकीत सर्वांत मोठा आवाज माझा होता. खेळ ही पूजा आहे वगैरे बरेच काही मी बोललो. तो फक्त एवढेच म्हणाला, “मी काय चोरी केलो काय रे?” त्याला पुढच्या स्पर्धेत बाहेर बसविण्यात आले. ती स्पर्धा आम्ही पहिल्याच फेरीत हरलो, पण तो मुद्दा वेगळा.

त्यानंतर काही महिन्यांनी अमेरिकेतल्या एका कॉलेज खेळाडूची हकीकत माझ्या वाचनात आली. टॉड गर्ली हा जॉर्जिया विद्यापीठाचा फुटबॉलपटू. त्यांचे फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन पळण्याचे. दोन वर्षांत वस्तूंवर सह्या करून त्याने 3000 डॉलरांहून अधिक घेतले, असे 2014 मध्ये उघडकीला आले. त्याला चार सामने बाहेर बसविले, चाळीस तास समाजसेवा करायला लावली. परत आला त्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. त्याच्या आदल्या वर्षी टेक्सासच्या जॉनी मँझिएलवरही हाच आरोप आला होता. तेव्हा पुरावा सापडला नाही. अर्ध्या सामन्याच्या शिक्षेवर भागले. 2023 च्या एका माहितीपटात मात्र पैसे घेतल्याचे त्याने स्वतःच सांगून टाकले.

यातली खरी गंमत पुढे आहे. हे नियम करणारी संस्था एनसीएए. खेळाडूने आपल्या नावावर एक पैसाही कमवू नये, असा तिचा दंडक. परंतु 2013 मध्ये तिच्याच इंटरनेटवरच्या दुकानात या खेळाडूचे नाव टाकून शोधले की त्याच्या क्रमांकाचा शर्ट विकायला समोर येत असे! हे एका समालोचकाने चव्हाट्यावर मांडले, तेव्हा ती विक्री थांबली. 2021 पासून तिथल्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर कमाई करण्याची मोकळीक मिळाली, आणि 2025 पासून तर कॉलेजेच त्यांना थेट पैसे देऊ शकतात. गर्लीचा अपराध सात वर्षांत अपराध राहिला नाही.

हे वाचून मी मुकाट्याने ती खाकी वही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिले होते: ‘टी-शर्ट विक्री, नग 60, दर 250.’ एक टी-शर्ट आम्हांला 180 ला पडला होता. म्हणजे नफा 4200 रुपये. त्या टी-शर्टच्या पाठीवर कोणाचे नाव होते, हे सांगायला नकोच. स्टँडवरच्या फलकावर फोटोही त्याचाच, आणि तो पाहूनच दोन दुकानदारांनी जाहिरात दिली होती. भागीदारीच्या हिशोबात आम्हांला गुडविल शिकवितात. जुना भागीदार बाहेर पडताना नावलौकिकातला त्याचा हिस्सा त्याला द्यावा लागतो. परीक्षेत मला या प्रश्नाचे पुरे गुण मिळाले होते.

मग खाशाबा जाधवांची आठवण झाली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा ब्राँझपदक घेऊन आले, शेकडो माणसांनी बैलगाड्या जोडून मिरवणूक काढली. आणि नंतर कुस्त्या करून, त्यातून मिळालेल्या पैशांतून त्यांनी सरांचे देणे फेडले, असे सांगतात. ऑलिंपिकमध्ये त्या काळी हौशी खेळाडूंनाच प्रवेश. पण गहाण पडलेले घर काही हौसेने सुटत नाही. आपल्याकडे जत्रेच्या आखाड्यात पैलवानाने इनाम घेतले तर कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. उलट रक्कम लाऊडस्पीकरवरून पुकारतात. मग सहीचेच एवढे वावडे का?

तरी एक शंका मनातून जात नाही. चढाई करणाऱ्याची सही सगळे मागतात. मागे उभे राहून पकड करणाऱ्या सहा जणांची कोण मागतो? उजवा कोपरा सांभाळणाऱ्या आमच्या गड्याचे दोन्ही घोटे सुजलेले असतात, त्याचे नाव कोणत्याच टी-शर्टवर नाही. याचा हिशोब कसा मांडायचा, ते मला अजून उमगलेले नाही.

मी त्याच्या घरी गेलो. तो गोठ्यात होता. “त्या हजाराचं काय केलास?” मी विचारले.

“बूट घेतलो,” तो म्हणाला, “त्याच दुकानात. कॉलेजच्या मॅचला मॅट असतंय की रे, अनवाणी पाय घसरतोय.”

तेच बूट घालून तो कॉलेजसाठी खेळला होता, आणि मी बाहेरून ओरडून घसा बसवून घेतला होता.

पुढच्या बैठकीत मी वही वाचून दाखविली. वाद पुष्कळ झाला. रात्री साडेअकराला कोणीतरी चहा आणला, तेव्हा कुठे ठरले. 4200 पैकी तिसरा हिस्सा त्याला, बाकी रकमेतून इतरांना बूट. दुसऱ्या दिवशी मी 1400 चे व्हाउचर लिहून नेले. पाच हजारांच्या आतली रक्कम, रेव्हेन्यू तिकिटाचीही गरज नाही.

“इथे सही कर,” मी म्हणालो. सही हा शब्द मराठीत आणि कन्नडात एकच, त्यामुळे आमच्यात गैरसमजाला जागा नव्हती. त्याने शर्टाला हात पुसले, सावकाश कन्नडात सही केली, कागद माझ्यापुढे धरला आणि विचारले, “आता ह्या सहीचं किती देतोस?”